वाडा सावरला, पण कुणाचा?

प्रश्न : मी 61 वर्षांचा, जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. गंगाखेडला गोदावरीकाठी आजोबांनी निजामाच्या काळात घेतलेला माळवदाचा (मातीच्या सपाट छताचा) वाडा आहे. पडायला आला होता. उपदान (ग्रॅच्युइटी), अंशराशीकरण (पेन्शनचा आगाऊ घेतलेला भाग) आणि भविष्य निर्वाह निधीतले 38 लाख घालून तो होता तसा उभा केला. आता बँक पेन्शनवर 12 लाखांचं कर्ज देते आहे (11 टक्के, 6 वर्षं). त्यातून चार खोल्यांना बाथरूम आणि एसी करून होमस्टे काढावा का? महिन्याला 60 हजार सहज येतील असं पुण्यातला मुलगा म्हणतो. पेन्शन 46 हजार, मुदत ठेव 12 लाख. बँकेत लागलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याकडून गॅरंटीड इन्कम प्लॅन घेतला आहे, वर्षाला 2 लाख, दोन हप्ते भरले. वाडा कागदोपत्री अजून आजोबांच्या नावावर आहे. वडील त्यांना एकुलते एक. वडील 2011 ला गेले, आई 2019 ला. दोन्ही बहिणी सुखात आहेत, त्यांच्या लग्नात भरपूर केलेलं आहे, तो प्रश्न नाही.

उत्तर : गुरुजी, फोटो पाहिले. काम देखणं झालंय. नवं किलचन (छताच्या लाकडी पट्ट्या) जुन्या सागवानी सरांवर, म्हणजे तुळयांवर, इतकं नीट बसलंय की सांधा कुठे आहे ते शोधावं लागतं. भिंतीतलं बळद (धान्याची कोठी) बुजवलं नाहीत हेही बरं केलंत. आता पैशाचं बोलू.

होमस्टेचं उत्तर नाही. कर्जाचा हप्ता बसतो साधारण 23 हजार, म्हणजे पेन्शनची निम्मी रक्कम. 60 हजार यायचे तर दीड हजार भाड्याच्या 40 खोल्या दर महिन्याला गेल्या पाहिजेत, बारा महिने, भर मे महिन्यातही. येणार कोण? गंगाखेडला लोक येतात ते जनाबाईच्या दर्शनाला आणि अस्थी घेऊन. विधी आटोपला की दुपारच्या गाडीने परत. महिन्याला 12 खोल्या गेल्या असं उदार मनाने धरलं तरी 18 हजार. त्यातून एक माणूस, वीज, धुलाई वजा केली की तीन-चार हजार उरतील. त्यातून 23 हजारांचा हप्ता कसा भरणार? पुण्यात राहून गंगाखेडच्या खोल्यांचा भाव सांगायला काही पडत नाही. मुलाला एवढा विश्वास असेल तर पहिले 5 लाख त्याने घालावेत, मग बघू.

पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महाग वाक्य होमस्टेचं नाही. ‘तो प्रश्न नाही’ हे आहे.

गुरुजी, तोच प्रश्न आहे. आजोबांची मिळकत एकट्या वडिलांकडे आली. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील (तुम्ही मृत्युपत्राचा उल्लेख केलेला नाही, म्हणून तसंच धरतो), तर त्यांचे वारस आई आणि तुम्ही तिघं. आईचा हिस्साही तिच्यामागे तुम्हा तिघांतच आला. म्हणजे वाडा तुमचा एक तृतीयांश. वडिलोपार्जित म्हणून मोजलात तरी हिशेब तिथेच येतो, कारण हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात त्यावरचे उरलेसुरले वादही मिटवले. लग्नात सोनं घातलं म्हणून बहिणीचा हिस्सा संपतो, हे पारावरचं कायदेशास्त्र आहे. कोर्टात त्याला किंमत नाही.

आता आकडे बघा. दुरुस्तीनंतर वाड्याची किंमत 75 लाख धरली, तर तुमचा वाटा 25 लाखांचा. त्यात तुम्ही घातलेत 38 लाख. दुसऱ्या बाजूने मोजा : 38 पैकी साधारण 25 लाख बहिणींच्या हिश्श्यात गेले, त्यांना न विचारता. वाटणीचा दावा झालाच, तर दुरुस्त केलेला भाग तुमच्याकडे राहावा म्हणून वकील प्रयत्न करेल. मात्र केलेला खर्च हक्काने परत मिळेल असं तुम्हाला कुणीही लिहून देणार नाही.

बहिणी भांडतील असं मी म्हणत नाही. मला चिंता आहे ती पुढच्या पिढीची. आज दोन सह्या लागतात. उद्या एक बहीण गेली की तिचे यजमान आणि मुलं वारस म्हणून येतात, सह्या पाच-सहा होतात, त्यातली एखादी परदेशात असते. त्या भाच्यांना माळवद, ढेलज, घाट यातलं काही ठाऊक नसतं, जागेचा भाव मात्र ठाऊक असतो. आणि तुमच्यामागे वहिनींना त्या घरात राहायचं आहे, तेही एक तृतीयांशाच्या जोरावर.

तेव्हा कर्जाच्या फॉर्मवर सही करू नका. आधी आजोबा, वडील आणि आई यांचे मृत्यू दाखले, वारसांचा तपशील घेऊन भूमी अभिलेख कार्यालयात मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) वारसनोंदीचा अर्ज द्या, तिघा भावंडांच्या नावाने. आजोबांचं खरेदीखत उर्दूत असेल, तर ते वाचून घेऊन भाषांतर करून ठेवा. जागा कुठल्या इनामाची, खिदमतमाशची (देवस्थानाच्या सेवेपोटी दिलेली) नव्हती ना, हेही त्याच फेरीत बघा. आपल्याकडे देवस्थानाजवळच्या जागेत ही भानगड फार उशिरा कळते.

मग बहिणींना बोलवा आणि बांधकामाच्या पावत्या समोर ठेवून बोला. भाऊबीजेच्या ताटाशेजारी हक्कसोडपत्र ठेवून सही घेण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती पटत नाही. माहेर तुटेल या धाकाने बाई सही करते आणि जन्मभर ते मनात ठेवते. स्वतःहून सोडत असतील तर आनंदच आहे. जवळच्या नात्यातल्या बिनमोबदला हक्कसोडपत्राला मुद्रांक शुल्क किरकोळ लागतं, फक्त ते नोंदणीकृत हवं, साध्या कागदावरचं नको. सोडत नसतील तर तिघांचा नोंदणीकृत लेख करा : तुम्ही आणि वहिनी हयात असेपर्यंत तिथे राहाल, आणि वाडा कधी विकला तर दुरुस्तीचे अमुक लाख आधी बाजूला काढून उरलेल्याचे तीन भाग होतील. तो आकडा 38 च असावा असा हट्ट धरू नका. 25 वर जमलं तरी तुम्ही फायद्यात आहात.

विम्याचा पत्रात उल्लेखच नाही. गोदाकाठचं घर, 2006 चा पूर तुम्ही पाहिलेला, 2025 च्या सप्टेंबरात जायकवाडी आणि माजलगावातून पाणी सुटलं तेव्हाही तिथेच होतात, तरी विमा नाही! भारत गृह रक्षा ही पॉलिसी 2021 पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे आहे, पूर तीत धरलेला असतो. रक्कम बाजारभावाची नको, पुन्हा बांधायला लागेल तेवढ्याची घ्या. बांधकाम माती-लाकडाचं आहे आणि मालक तिघं आहेत हे प्रस्तावात स्वच्छ लिहा, नाहीतर दाव्याच्या वेळी नेमकं तेच काढतात. ही पॉलिसी राहत्या घराची असते. पाहुणे ठेवून धंदा केलात तर तिच्यावर विसंबता येणार नाही. नगर परिषदेत पूररेषाही बघून या. वाडा निळ्या रेषेच्या (बांधकामाला मनाई असलेल्या पट्ट्याच्या) आत निघाला तर नव्या बाथरूमचा विषय तिथेच संपतो.

राहिला तुमच्या विद्यार्थ्याने गळ्यात मारलेला प्लॅन. 10 वर्षं 2 लाख भरायचे आणि वयाच्या 71 व्या वर्षापासून 15 वर्षं 3 लाख घ्यायचे, असंच कागदावर आहे ना? परतावा सहा टक्क्यांच्या आसपासच बसतो, आणि तोही 85 पर्यंत थांबलात तर. पेन्शनीतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पैसा त्यात जातोय. निवृत्त माणसाला आज उत्पन्न हवं असतं, त्याला आणखी दहा वर्षं भरायला लावणारा प्लॅन विकणं म्हणजे टार्गेट पूर्ण करणं. गुरुदक्षिणा उलटी घेतली त्याने. तिसरा हप्ता भरू नका. आत्ता बंद केलं तर हातात किती आणि पेड-अप (पुढचे हप्ते न भरता) ठेवलं तर पुढे किती, हे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा. नुकसान होईल, पण 4 लाखांवरचं होईल, 20 लाखांवरचं नाही.

मुदत ठेवीचे 12 लाख मुदत संपेल तसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत न्या. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी तिमाहीला साडेचोवीस हजार येतात. त्यातून माळवदाची दर उन्हाळ्यातली पांढरी माती, वाळवीचं औषध आणि विम्याचा हप्ता भागतो. वाड्याने कमवावं ही अपेक्षा तूर्त सोडा. आषाढीच्या दिवसांत एखादं कुटुंब आहे त्या खोल्यांत उतरवून बघायचं असेल तर बघा, नवा रुपया न घालता, आणि तेही तिघांचा लेख झाल्यावर.

कंपनीचे दोन आकडे आले की पाठवा. हप्त्याच्या तारखेआधी.