दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर किती, वेळ किती?

प्रश्न : माझी मुलगी कॅलिफोर्नियात राहते. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे हवाई अंतर मला एका ठिकाणी सुमारे १२,४०० किलोमीटर, तर दुसऱ्या ठिकाणी १५,३०० किलोमीटर असे वाचायला मिळाले. यांतले खरे कोणते आणि त्यावरून प्रवासाचा वेळ काढता येतो का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीगोलावरील सर्वांत जवळचा मार्ग मोजला, तर तो सुमारे १२,३८० किलोमीटर भरतो. हे पडताळण्यासाठी भिंतीवरचा नकाशा उपयोगाचा नाही. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा, म्हणजे तो रशियावरून आर्क्टिक महासागरात थेट ७५ अंश उत्तर अक्षांशापलीकडे जातो, हे दिसेल.

प्रत्यक्ष विमान मात्र या दोऱ्यावरून जाईलच असे नाही. एअर इंडियाचे या मार्गावरील विमान पूर्वी अटलांटिक ओलांडून सुमारे १३,९०० किलोमीटर उडत असे. ऑक्टोबर २०१६मध्ये कंपनीने ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेले. अंतर १५,३०० किलोमीटरांवर गेले, तरीही विमान सुमारे साडेचौदा तासांत पोहोचले आणि जवळजवळ दोन तास वाचले. भागाकार केल्यास हा सरासरी वेग ताशी १,०५५ किलोमीटर येतो. अशी विमाने हवेच्या सापेक्ष ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात, म्हणजे त्याहून जास्तीचा वेग वाऱ्याने दिलेला होता. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह हिवाळ्यात अधिक जोरकस असतो. त्यामुळे केवळ किलोमीटरांवरून तास काढणे मला धोक्याचे वाटते.

तिकिटावरून वेळ काढताना दोन्ही ठिकाणची घड्याळे आधी जुळवून घ्यावीत. कॅलिफोर्निया हिवाळ्यात भारताच्या साडेतेरा तास आणि उन्हाळ्यात साडेबारा तास मागे असतो. समजा, जानेवारीत विमान दिल्लीहून पहाटे चार वाजता निघून तेथील घड्याळाप्रमाणे त्याच दिवशी सकाळी सहाला पोहोचणार असेल, तर प्रवास दोन तासांचा नसून साडेपंधरा तासांचा ठरतो. त्यात धावपट्टीपर्यंत जाण्याचा आणि उतरल्यावर विमान जागेवर उभे राहण्याचा वेळही धरलेला असतो, त्यामुळे हवेतील वेळ त्याहून कमी असतो.

परतीचा हिशेब स्वतंत्र करावा. येताना वारा आणि मार्ग दोन्ही वेगळे असतात, शिवाय एखाद्या देशाने आपले आकाश बंद केले की वळसा पडतो. विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर त्याच उड्डाणाच्या गेल्या काही आठवड्यांतील प्रत्यक्ष वेळा पाहून त्यांची सरासरी काढल्यास बराच विश्वासार्ह अंदाज मिळेल.