टर्कीला 'नाही' म्हणता आलं पाहिजे

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

हंटर एज्युकेशनचा कोर्स पास झालास, लायसन्सही आलं. त्याच संध्याकाळी तुझ्या आईचा मला फोन. "आपल्यात कुणी शिकार केलीय का कधी?" नाद माझ्याकडे बघून लागला, तेव्हा शिव्या मलाच. मी निमूट ऐकून घेतलं. तिला काय सांगायचं ते तू मे महिन्यात रानात कसा वागतोस त्यावर ठरेल, म्हणून आधी तुला लिहितोय.

टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीचे नियम तुला पाठच असतील. आपल्या पेनसिल्व्हेनियात वसंतात फक्त दाढीवाला पक्षी (दाढी म्हणजे छातीवर लोंबणारा केसांसारखा झुपका, बहुधा नरालाच असतो), रायफल नाही, आमिष नाही, रेकॉर्ड केलेला आवाज नाही, आणि हंगामाच्या पहिल्या आठवड्यांत दुपारी बाराला शिकार बंद. बाराची ती अट मला फार आवडते. अंड्यांवर बसलेल्या माद्यांना दिवसभर त्रास नको, म्हणून आहे ती.

पण नियम पाळूनही कोडगेपणा करता येतो. थिओडोर रूझवेल्टनं १८८७ मध्ये सुरू केलेला शिकाऱ्यांचा बून अँड क्रॉकेट क्लब 'फेअर चेस' म्हणतो, म्हणजे मोकळ्या फिरणाऱ्या जनावराचा शिकाऱ्यानं गैरफायदा घ्यायचा नाही. आता गैर कशाला म्हणायचं, हे प्रत्येकाला आपापलं ठरवावं लागतं. माझं माप साधं आहे: टर्कीला 'नाही' म्हणता आलं पाहिजे.

म्हणजे बघ. टर्कीच्या रिवाजानुसार नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. आपण झाडाला पाठ टेकून बॉक्स कॉलवर, म्हणजे घासून वाजवायच्या लाकडी डबीवर, मादीचा आवाज काढतो आणि त्यालाच उलटं बोलावतो. तो येतो, साठ-सत्तर यार्डांवर थबकतो, पिसारा फुलवून उभा राहतो. जणू म्हणतो, बाई, आता तू ये. आपण काही जात नाही. मग एखादं पाऊल, मान लांब, पुन्हा एक पाऊल, आणि पुष्कळ सकाळी तो तिथूनच वळून निघून जातो. त्या वळण्यावर रागावू नकोस. रात्री ज्या फांदीवर तो झोपतो तिच्याखाली पहाटे बंदूक रोखून बसलास, तर त्याला वळायला जागाच उरत नाही.

हल्ली टर्कीचा पिसारा हातात धरून त्यामागून रांगत जायची टूम निघालीय. दुसरा नर समजून तो चवताळून अंगावर येतो. आपल्याकडे वसंतात पक्ष्याचा असा माग काढत जाणं बेकायदा आहेच, पण नसतं तरी सांगितलं असतं: झुडपापलीकडच्या दुसऱ्या शिकाऱ्याला फक्त पिसारा हलताना दिसतो. लाल, पांढरा, निळा रंगही अंगावर नको. मोज्यांचासुद्धा. नराचं डोकं त्याच रंगांचं असतं.

आता अंतर. टंगस्टनचे नवे छर्रे शिशापेक्षा खूप जड, लांबवर मारा करतात, आणि दुकानदार तेवढंच सांगतो. तू चाळीस यार्डांपलीकडे बोट ट्रिगरवर नेऊ नकोस. माझ्या दुसऱ्या हंगामात मी एक नर 'पंचेचाळीसच असेल' म्हणत मारला. पडला, उठला, उतारावरून पळाला. जागेवर जाऊन बघतो तर ओल्या पाचोळ्यावर तीन पिसं, एका बीचच्या पानावर रक्ताचा मोहरीएवढा थेंब. बारापर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशीही गेलो. मिळाला नाही. नंतर अंतर मोजलं, एकसष्ट यार्ड. त्या हंगामाचा टॅग, म्हणजे पक्षी मारायची परवानगी, मी वापरला नाही. कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानं त्या पक्ष्याचं काही भलंही झालं नाही.

एक गोष्ट कोर्समध्ये सांगितली असेल-नसेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी अमेरिकेच्या बहुतेक भागांतून जवळजवळ संपला होता. पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं सोडून पाहिली. ती रानात टिकली नाहीत. शेवटी तोफेनं उडवायच्या जाळ्यांत खरे जंगली पक्षी धरले आणि दुसऱ्या डोंगरांत नेऊन सोडले, तेव्हा कुठं जमलं. पैसा बराचसा शिकाऱ्यांचाच. बंदुका-काडतुसांवरचा कर १९३७ च्या कायद्यानं वन्यजीवांसाठी राखून ठेवला, तोही त्यातलाच. पिंजऱ्यातल्या पिल्लात जो संशय नव्हता तोच या पक्ष्यात आहे. तुला दमवणार आहे तो हाच.

मिळालाच, तर छाती काढून बाकीचं फेकायचं नाही. तंगड्या चिवट असतात, शिरा काढाव्या लागतात, पण कुकरला सात-आठ शिट्ट्या दिल्या की रस्सा फक्कड होतो. मसाला आईकडूनच माग. चिडली असली तरी देईल.

शनिवारी बंदूक घेऊन ये. मोठा कागद लावू, वीस, तीस, चाळीस यार्डांवरून छर्रे कसे पसरतात ते बघू. पन्नासवरूनही एक बार काढ, मग कागदावर डोक्याएवढ्या जागेत किती छर्रे बसले ते स्वतः मोज.

तुझा,
काका