धावण्यासाठीच्या हेडफोनवर महिन्याभराची बचत घालावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आठवड्यातून चार दिवस पाऊण-पाऊण तास रस्त्यावर धावणं आणि दोन दिवस तासभर जिम. चार महिन्यांनी पहिली हाफ मॅरेथॉन. चौदा महिन्यांपूर्वी घेतलेल्या इअरबड्सपैकी उजवा बड आता डबीत ठेवला तरी चार्ज होत नाही. सगळे खर्च भागवून दरमहा उरणारी रक्कम १०० धरली, तर समोरच्या तीन पर्यायांच्या किमती अशा: साधे आयपीएक्स ४ दर्जाचे (पाण्याचे शिंतोडे सोसणारे) इअरबड्स १०, मानेमागून पट्टी जाणारे बोन कंडक्शन (कानात न घालता हाडातून आवाज पोहोचवणारे) हेडफोन ३५ आणि नॉइज कॅन्सलेशन (बाहेरचा गोंगाट कमी करायची सोय) असलेले वरच्या श्रेणीतले इअरबड्स ९०. तुमचं मन ९० वर आहे, कारण ते ऑफिसातही वापरता येतील आणि सहा बिनव्याजी हप्त्यांत मिळतात. आपत्कालीन निधी दोन महिन्यांच्या खर्चाइतका आहे, उद्दिष्ट सहा महिन्यांचं. मीटिंगसाठी ऑफिसने दिलेला वायरचा हेडसेट आहे.

माझं मत आधीच सांगतो: ३५ वाले घ्या, रोखीने घ्या, आणि तेही जुना बड दुरुस्त होत नाही याची खात्री करूनच. ९० वाले सध्या नकोत.

जुन्या बडपासून सुरुवात करू, कारण तिथे एक पैसाही जात नाही. डबीत ठेवूनही एकच बड चार्ज होत नसेल, तर सेल मेला असेलच असं नाही. घाम खारट असतो. तो वाळला की चार्जिंगच्या बारीक पिनांवर क्षारांचा थर बसतो. बड ओला असतानाच डबीत गेला तर त्या खारट ओलाव्यातून वीज वाहते आणि पिनांवरचा मुलामा झिजत जातो. पिना काळपट किंवा हिरवट दिसत असतील तर हेच झालंय. बडवरच्या आणि डबीतल्या, दोन्हीकडच्या पिना कोरड्या कापसाच्या काडीने पुसा. थर निघाला नाही तर काडीला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल अगदी थोडं लावा, थेंब जाळीत जाऊ देऊ नका, आणि तासभर उघडं वाळू द्या. मग दोन्ही बड फोनच्या ब्लूटूथ यादीतून काढून, रीसेट करून पुन्हा जोडा. बड चालू झाला तर हा सगळा निर्णय काही महिने पुढे ढकलता येईल. नाही झाला तर निदान तो का गेला हे कळेल, आणि नवीन जोडी त्याच वाटेने जाणार नाही.

आता ९० च्या बाजूने तुम्ही मांडलेलं गणित बघू, कारण कागदावर ते पक्कं दिसतं. व्यायाम आठवड्याला ५ तास, म्हणजे ५० आठवड्यांचं वर्ष धरून २५० तास. ऑफिसचे आठवड्याला २० तास धरले तर आणखी १०००. वर्षाला १२५० तास, दोन वर्षांत २५००. ९० भागिले २५००, म्हणजे तासाला ०.०३६. साधे इअरबड्स वर्षभर टिकले तर १० भागिले २५०, म्हणजे ०.०४. बोन कंडक्शन अडीच वर्षं टिकले तर ३५ भागिले ६२५, म्हणजे ०.०५६. सर्वांत महाग जोडी तासाच्या हिशेबात सर्वांत स्वस्त ठरते!

या हिशेबात छेद फुगवलेला आहे, आणि चूक तिथेच आहे. ऑफिसचे हजार तास हे नवीन हेडफोनमुळे मिळालेले तास नाहीत. तो वापर वायरच्या हेडसेटवर आजही होतोय आणि त्याला तुमचा खर्च शून्य आहे. ते तास वजा केले तर ९० भागिले ५००, म्हणजे तासाला ०.१८. साध्या इअरबड्सच्या साडेचारपट.

दुसरं, दोन वर्षांचं आयुष्य आपण गृहीत धरलं. तुमची आधीची जोडी १४ महिन्यांत गेली. तोच घाम, तीच सवय, तर महाग जोडीही १४ महिन्यांतच जाऊ शकते. मग ऑफिसचे सगळे तास धरूनही खर्च ०.०६२ वर येतो आणि बोन कंडक्शनपेक्षा महाग पडतो. शिवाय सेलचं काय? लिथियम-आयन सेल साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येतो. एका चार्जमध्ये ६ तास मिळत असतील तर १२५० तासांसाठी वर्षाला २०८ चार्ज लागतात, दोन वर्षांत ४१६. बडमधला सेल इवलासा असतो आणि बहुतेक बड उघडून तो बदलण्याजोगे बनवलेलेच नसतात. म्हणजे ऑफिसचा वापर धावण्याच्या जोडीचं आयुष्य खातो आणि धावण्याचा घाम ऑफिसच्या जोडीचं. एका वस्तूत दोन कामं बसवून पैसे वाचतात असं वाटतं, पण इथे दोन्ही कामांची जोखीम एकाच महाग वस्तूवर गोळा होते. त्यात धावताना एक बड गटारात किंवा झुडपात पडला की सुटा बड घ्यायला चांगलीच रक्कम मोजावी लागते.

‘बिनव्याजी’ हा शब्दही तपासून घ्या. विक्रेत्याला विचारा: पूर्ण रक्कम आत्ता दिली तर किती सूट? समजा ५ टक्के मिळते. मग छापील किमतीच्या दर १०० मागे वस्तूची खरी किंमत ९५ आणि हप्त्यांची बेरीज १००. पहिला हप्ता महिन्याने, शेवटचा सहाव्या महिन्यात, म्हणजे पैसे तुमच्याकडे सरासरी साडेतीन महिनेच राहतात. ९५ वर ५ जादा, साडेतीन महिन्यांसाठी. वर्षाच्या हिशेबात हे सुमारे १८ टक्के व्याज झालं. प्रक्रिया शुल्क असेल तर आणखी वर. सूट मुळीच नसेल आणि शुल्कही नसेल, तरच हप्ते खरोखर बिनव्याजी. तरीही सहा महिने तुमच्या बचतीतले दरमहा १५ आधीच बांधले जातात, आणि निधी दोनच महिन्यांचा असताना बांधलेली रक्कम कमी असणं हीच तुमची सोय आहे. ९० म्हणजे निधीचं उद्दिष्ट जवळजवळ एक महिना लांबतं. ३५ म्हणजे दहा-अकरा दिवस. एवढा उशीर मला मान्य आहे, कारण धावणं तुम्ही मनापासून करताय आणि ते टिकावं.

मग तासाला सर्वांत स्वस्त पडणारे १० वालेच का नकोत? निव्वळ पैशाने पाहिलं तर तेच जिंकतात, हे मान्य करायला हवं. माझा कल ३५ कडे झुकतो तो रस्त्यामुळे. सिलिकॉनच्या टिपने बंद झालेल्या कानाला मागून येणारं वाहन, सायकलची घंटी, कुत्र्याचं भुंकणं उशिरा ऐकू येतं. बोन कंडक्शनचे कंपक कानासमोर गालाच्या हाडावर टेकतात आणि कानाची वाट मोकळी राहते. आणखी एक फरक धावणाऱ्याला लगेच जाणवतो: कान घट्ट बंद असला की प्रत्येक पावलाचा धप्प आवाज आणि स्वतःचा श्वास डोक्यात घुमतो. उघड्या कानात तो घुमत नाही. नॉइज कॅन्सलेशन याला उपाय नाही, आणि वेगाने धावताना माइकवर आदळणारा वारा उलट फडफडतो. ज्या सोयीसाठी ९० मोजायचे, ती सोय रस्त्यावर तुम्ही बंदच ठेवणार.

काही शर्यतींत कान बंद करणाऱ्या हेडफोनला मनाई असते आणि बोन कंडक्शनला परवानगी असते. तुमच्या शर्यतीची नियमावली आजच वाचा. सगळ्याच हेडफोनना मनाई असेल तर हा खर्च फक्त सरावासाठी आहे हे धरून ठरवा.

बोन कंडक्शनचे तोटेही खर्चाच्याच बाजूला लिहा. बास कमी येतो. मोठ्या रहदारीत आवाज बुडतो. आवाज फार वाढवला तर गालावर गुदगुल्या होतील इतकं कंपन होतं. जिममध्ये मोठ्याने गाणी लागली असतील तर तुमचं गाणं ऐकूच येणार नाही, आणि पाठीवर झोपून बेंच प्रेस करताना मागची पट्टी बाकाला टेकून हेडफोन जागचे हलतात. ही अडचण तुमच्या ५ तासांपैकी २ तासांना लागू आहे. म्हणून महिनाभर वापरून बघा. जिममध्ये खरंच अडलं तर १० वाले तेवढ्यापुरते घ्या. दोन्ही मिळून ४५ होतात, ९० च्या निम्मे, आणि एक जोडी बिघडली तरी दुसरी हातात राहते.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. कानात काही घालत नाही म्हणून कान आपोआप सुरक्षित राहत नाही. कंपन हाडातून गेलं तरी शेवटी त्याच आंतरकर्णात पोहोचतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक मानला जातो, आणि दर ३ डेसिबल वाढीमागे ही वेळ निम्मी होते. ९० डेसिबलला ती आठवड्याला ४ तासांवर येते. तुमचा व्यायामच ५ तासांचा आहे. गोंगाटात आवाज वाढवत नेण्यापेक्षा शांत रस्ता निवडा.

खरेदी करताना खोक्यावरच्या आकड्यांचा अर्थ नीट लावा. आयपी पुढचा पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. पहिल्या जागी एक्स म्हणजे धुळीची श्रेणी दिलेली नाही. पाण्याचा ४ म्हणजे चहूबाजूंनी उडणारे शिंतोडे, ५ म्हणजे पाण्याचा झोत, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ७ आहे म्हणजे ५ ची चाचणीही पार केली असं होत नाही. सगळ्यात महत्त्वाचं, या चाचण्या नव्या वस्तूवर आणि साध्या पाण्यात होतात, घामात नाही. तुमच्या घामासाठी ५५ किंवा ६७ बघा. इअरबड्स घेणार असाल तर डबीचा दर्जा वेगळा विचारा. बड पाणी सोसतो आणि डबी सोसत नाही, असं पुष्कळदा असतं.

वॉरंटीच्या कागदात ‘द्रवामुळे झालेलं नुकसान’ वगळलंय का, ते पैसे देण्याआधी वाचा. वगळलं असेल तर जास्तीचे पैसे देऊन वॉरंटी वाढवण्यात अर्थ नाही, कारण तुमच्याकडे बिघाड होणार तो नेमका घामानेच. त्याऐवजी दरमहा १.२ वेगळे ठेवा. अडीच वर्षांत पुढच्या जोडीचे ३५ जमलेले असतील.

बाकी गोष्टी पटकन. स्पर्शाच्या पट्टीपेक्षा दाबायची बटणं घ्या, घामाच्या बोटाने स्पर्श चुकतो. उच्च दर्जाच्या कोडेकसाठी (ब्लूटूथवरून आवाज पाठवायची पद्धत) जादा पैसे देऊ नका, धावताना तो फरक कानापर्यंत पोहोचत नाही. पोहण्यासाठी हवे असतील तर मात्र पर्यायच बदलतो: ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरी पाण्यात शोषल्या जातात, म्हणून हेडफोनमध्येच गाणी साठवायची सोय लागते. चार्जिंगची केबल खास चुंबकाची आहे की यूएसबी-सी, हे बघा. खास केबल हरवली तर तीच मागवावी लागते, आणि यूएसबी-सी असेल तर त्यावरचं रबरी झाकण घट्ट बसायला हवं.

दुकानात चष्मा आणि टोपी घालून लावून बघा. दोन मिनिटं जागच्या जागी धावा, डोकं जोरात हलवा, वर बघा. पट्टी लांब असेल तर कॉलरला आदळते आणि दर वेळी हेडफोन वर उचलले जातात. त्याच बनावटीत आखूड पट्टी मिळते का विचारा. कानात जाणारी वस्तू असेल तर परत घेण्याची अट आधीच विचारा, कारण उघडलेले इअरबड्स स्वच्छतेच्या कारणाने बरेच विक्रेते परत घेत नाहीत. याच कारणाने आणि सेलची अवस्था कळत नाही म्हणूनही वापरलेले घेऊ नका. मोकळ्या रस्त्यावर आवाज तुटत असेल तर हेडफोन सदोष ठरवण्याआधी फोनची जागा बदला. लहरी शरीरात अडतात, आणि उघड्यावर त्या परतवायला भिंती नसतात. मागच्या खिशातला फोन दंडावर बांधला की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

धावून आल्यावर मऊ ओलसर कापडाने घाम पुसा, मग कोरड्या कापडाने, आणि अर्धा तास उघड्यावर ठेवा. त्यानंतरच चार्जिंगला लावा. लांब सराव दोन-अडीच तासांचा असला तरी आठ तास चालणाऱ्या हेडफोनला रोज चार्ज लागत नाही. आठवड्यातून एकदा पुरतं.

हप्त्यांचा अर्ज आधीच भरला असेल, तर माल हातात येण्याआधी मागणी रद्द करा आणि कर्ज देणाऱ्याकडून खातं बंद झाल्याचं लेखी घ्या. नुसती मागणी रद्द केल्याने काही वेळा हप्ता सुरूच राहतो. पुढच्या दोन महिन्यांची खात्याची नोंद तपासून तो कापला जात नाही ना, हे बघा.