चार रील्सचे दोन हजार डॉलर

*ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. लेक चार वर्षांची असताना इथे आलो. नवरा एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा), ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख, म्हणजे प्रायॉरिटी डेट, २०१५ची. लेक डिव्हिजन वन (कॉलेज खेळांचा सर्वांत वरचा गट) कॉलेजमध्ये टेनिस खेळते, तिसरं वर्ष चालू आहे. जानेवारीत एकवीस पूर्ण होणार म्हणून आधीच एच-४ (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा, मुलांना एकवीस होईपर्यंतच) वरून एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) करून घेतलं. आता ओक ट्री रोडवरचे एक हॉटेलवाले मागे लागलेत. तिने त्यांच्याकडे मिसळ खातानाच्या चार रील्स टाकायच्या, दोन हजार डॉलर देतो म्हणतात. डबल्समधली तिची पार्टनर असल्याच कामांतून गाडीचा हप्ता भरते. सीझनच्या सुरुवातीला कॉलेजनेच सगळ्या टीमला सांगितलं की एनआयएल, म्हणजे खेळाडूने आपल्या नावावर कमावणं, आता सर्वांना खुलं आहे. मग आमच्याच मुलीला का नको? माझ्याकडे ईएडी (काम करायचा परवाना) आहे, पैसे माझ्या खात्यात घेतले तर चालेल का?*
*— एक आई*

उत्तर आधी सांगते, कारण हॉटेलवाले थांबलेत. नको. तुमच्या खात्यात तर मुळीच नको.

आता सविस्तर. मी वकील नाही. सत्तावीस वर्षं या देशात काढली, त्यातली निम्मी कुठल्या ना कुठल्या व्हिसाच्या रांगेत गेली, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत हाच प्रश्न घेऊन आलेली तुमची चौथी चिठ्ठी. सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला तासाभराचे पैसे द्याच. पण त्याच्यासमोर काय विचारायचं हे कळावं म्हणून हे लिहिते.

कॉलेजने सांगितलं ते खोटं नाही, अर्धं आहे. २०२१च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉलेज खेळांची संघटना एनसीएए हिच्याविरुद्ध एकमताने निकाल दिला. त्यातला वाद शिक्षणाशी निगडित सवलतींचा होता, पण वारं कुठे वाहतंय हे संघटनेला कळलं आणि १ जुलै २०२१पासून खेळाडूंना स्वतःचं नाव, चेहरा, ओळख वापरून कमावायची मुभा मिळाली. यालाच एनआयएल म्हणतात. पुढे ६ जून २०२५ला एका फेडरल जिल्हा न्यायालयाने खेळाडूंच्या दाव्यातली एक मोठी तडजोड मंजूर केली, आणि त्या १ जुलैपासून तडजोडीत सामील झालेली कॉलेजं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी एका कॉलेजला मर्यादा जवळपास दोन कोटी पाच लाख डॉलरची. त्यातला मोठा वाटा फुटबॉल-बास्केटबॉलकडे जातो, टेनिसच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी चटणीपुरतं.

हे सगळं खेळाच्या नियमपुस्तकात झालं. व्हिसाचं पुस्तक वेगळं आहे आणि त्यातली एक ओळही या गडबडीत हललेली नाही. एफ-१वर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तास काम करता येतं. कॅम्पसबाहेर काम करायचं तर सीपीटी किंवा ओपीटी (विद्यार्थ्यांना आपल्या विषयातलं काम करू देणाऱ्या परवानग्या) हवं, आणि ते शिकत असलेल्या विषयाशी जोडलेलं हवं. तुमची लेक कॉम्प्युटर सायन्स करत असेल, तर मिसळीची रील त्यात बसवायला फार मोठा कलावंत लागेल. एच-४वर मुलांना तेवढंही नसतं, ईएडी मिळते ती फक्त जोडीदाराला आणि तीही अटी घालून. म्हणजे तुमची मुलगी पहिली दोन वर्षं एच-४वर खेळली तेव्हा तर तिला कॅम्पसच्या कँटीनमध्येसुद्धा उभं राहता आलं नसतं.

तुमच्या खात्याचं म्हणाल, तर हा मार्ग प्रत्येक आईला सुचतो. मलाही सुचला असता. पण प्रश्न पैसे कुणाच्या खात्यात गेले हा नसतोच, काम कुणी केलं आणि कुठे बसून केलं हा असतो. कॅमेऱ्यासमोर मिसळ तीच खाणार, जर्सी तिचीच, अकाउंट तिचंच. पैसे तुमच्याकडे, पुण्यातल्या मावशीच्या यूपीआयवर किंवा शिक्षण संपल्यावर घेतले, तरी काम आजचं आणि न्यू जर्सीतलं. उलट पैसे फिरवून घेतलेले दिसले, की भाबडेपणाचा फायदासुद्धा मिळत नाही. पैशांऐवजी वस्तू घेतली तरी तेच. कॉलेजच्या किटमधून सगळ्या टीमला मिळणारे बूट वेगळे. एखाद्या कंपनीने 'पोस्ट टाक, दोन रॅकेट पाठवतो' म्हटलं की ते मानधन झालं.

'कुणाला कळणार आहे?' तुम्ही विचारलेलं नाही, पण चिठ्ठी वाचताना मला ते ऐकू आलं. कळतं ते असं. डिव्हिजन वनच्या खेळाडूने सहाशे डॉलर किंवा त्यावरचा कुठलाही बाहेरचा करार एनआयएल गो नावाच्या पोर्टलवर नोंदवायचा असतो. म्हणजे तुमचे दोन हजार तारखेसकट लिहिले जाणार. नाही नोंदवले तर खेळण्याची पात्रता धोक्यात. नोंदवले तर आपल्याच हाताने लिहून दिलं की एफ-१वर असताना काम केलं. आणि स्टेटस तुटलं की ते पूर्ववत करून घ्यायचा जो अर्ज असतो, त्याची एक अट अशी की विनापरवाना काम केलेलं नसावं. तो दरवाजाही बंद.

हे किती दिवसांनी अंगावर येतं तेही सांगते. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचा ग्रीन कार्डचा अर्ज आम्ही आमच्याच डायनिंग टेबलवर भरत होतो. चहा झाला, पोहे झाले, पत्ते-तारखा सगळं भराभर झालं. मग एक प्रश्न आला: तुम्ही अमेरिकेत कधी परवानगीशिवाय काम केलं आहे का? हो किंवा नाही, एवढ्याच दोन चौकटी. त्याचं पेन थांबलं. कॉलेजात असताना एका क्लबात रविवारी सकाळी लहान मुलांना टेनिस शिकवायचा तो, तासाला पंचवीस डॉलर रोख. नऊ वर्षं झाली होती, तो क्लबही बंद पडला होता. त्याची आई म्हणाली, "नाही वर खूण कर, कोण बघतंय." वकिलाने मात्र बजावलं की काम केलं ही चूक आहे, पण त्या चौकटीत खोटं लिहिणं हा जन्माचा डाग. नोकरीच्या ग्रीन कार्डात अशा चुकीला एकूण १८० दिवसांपर्यंत माफी आहे, त्यात तो बसला. मधले सात महिने त्या घरात कुणी नीट झोपलं नाही.

आता तुम्हाला कुणीतरी सांगेल (मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आत्तापर्यंत सांगितलंही असेल) की भारतात जाऊन शूटिंग करा, मग काही अडचण नाही. हा सल्ला हवेतला नाही. केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू ऑस्कर शिब्वे कॉंगोचा, विद्यार्थी व्हिसावर. २०२२च्या ऑगस्टमध्ये टीम बहामाजला गेली तेव्हा त्याने तिथेच आपली जाहिरातींची कामं उरकली. अमेरिकेत काम झालंच नाही, तर अमेरिकेत विनापरवाना काम कसं होईल, असा त्यामागचा हिशोब. पुण्याहून थेट एफ-१वर आलेल्या मुलाला मीसुद्धा हाच रस्ता सांगते. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी जा, भारतातल्या कंपनीशी करार कर, शूटिंग तिथे, पोस्ट करणंही तिथेच, परतीच्या विमानात बसण्याआधी सगळं संपव. शिकायला बाहेर गेलेला मुलगा फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात अनिवासी धरला जातो, म्हणून पैसे साध्या बचत खात्यात न घेता एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या खात्यात. टीडीएस कापला जाईल, त्याचं रिटर्न भर. पोर्टलवर तो करारही नोंदव, कारण एनसीएएला काम पुण्यात झालं की अमेरिकेतल्या पीओरियात याच्याशी काही देणंघेणं नाही. आणि इकडे परतल्यावर 'एक स्टोरी राहिली होती तेवढी टाकतो' असं करू नकोस. सगळ्यांचा पाय तिथेच घसरतो.

पण तुमच्या लेकीला हा सल्ला लावला तर घात होईल.

तिने एच-४ वरून एफ-१ इथे राहूनच करून घेतलं ना? म्हणजे स्टेटस बदललं, पासपोर्टात एफ-१चा व्हिसा नाही. ती देशाबाहेर पडली की परत येण्याआधी तिला मुंबईत बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये व्हिसाच्या स्टॅम्पिंगला उभं राहावं लागणार. तिथला अधिकारी विचारणार, शिक्षण संपल्यावर भारतात परत येण्याचं कारण काय? पुण्याहून आलेला मुलगा म्हणेल घर तिथे, आई-बाप तिथे. तुमची मुलगी काय म्हणेल? आई-वडील एडिसनला, शाळा एडिसनला, मराठी बोलते ती रविवारच्या शाळेतली, आणि कोथरूडला आजीचा फ्लॅट. विद्यार्थी व्हिसाला परत जाण्याचा इरादा दाखवावा लागतो, आणि या मुलांना तो दाखवणं फार अवघड जातं. चार रील्ससाठी बाहेर गेली आणि व्हिसा नाकारला, तर शेवटचं वर्ष, टीम, डिग्री सगळंच लटकलं. दोन हजार डॉलरसाठी हा जुगार मी माझ्या मुलीला खेळू दिला नसता.

कॅनडाचीही एक वाट लोक सांगतात. स्टेटस बदललेल्या माणसाला तीस दिवसांच्या आतली कॅनडाची फेरी जुन्या व्हिसावर करून परत येता येतं, हे खरं आहे. पण तिथे प्रवासी म्हणून जायचं आणि पैसे घेऊन जाहिरातीचं काम करायचं, तर मग कॅनडाचा कायदा आडवा येतो. एकाचा नियम सांभाळताना दुसऱ्याचा मोडायचा, यात मला काही शहाणपण दिसत नाही.

एक गोष्ट धूसर आहे, ती वकिलाला जरूर विचारा. कॉलेज स्वतः जर्सी विकतं किंवा खेळाडूंचे चेहरे एकगठ्ठा परवान्यावर देतं आणि त्यातला वाटा खेळाडूला येतो. तिने काहीच करायचं नसतं, फोटोला उभंही राहायचं नसतं. बँकेतलं व्याज किंवा शेअर्सचा लाभांश एफ-१वर चालतो, तसंच हे बसल्या जागचं उत्पन्न आहे असं मानणारे वकील आहेत, न मानणारेही आहेत, आणि सरकारने आजवर स्पष्ट उत्तर दिलेलं नाही. असा कागद आला तर लगेच सही नको, लगेच नकारही नको. आधी डीएसओला (कॉलेजातला परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणारा अधिकारी) ईमेल, मग वकील. डीएसओशी बोलताना 'तिने असं केलंय' असं नाही, 'असं करता येईल का' असं विचारा. नियमभंग कळला तर नोंदवणं हे त्यांचं काम असतं, त्यांना अडचणीत कशाला टाकायचं?

ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमकडून खेळायची, अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून. त्यांच्या वेळी जाहिरातीचे पैसे अमेरिकन मुलांनाही बंद होते, त्यामुळे ड्रेसिंग रूममध्ये सगळे सारखेच कडके. आज एकाच कोर्टवर, एकाच जाळ्याच्या एका बाजूला उभ्या असलेल्या दोन मुलींत एकीच्या गाडीचा हप्ता खेळातून जातो आणि दुसरीला चपलेचा जोड घेतानाही विचार करावा लागतो. हा अन्याय आहे. तुमच्या लेकीला तो अन्याय वाटत असेल तर 'जाऊ दे गं' म्हणून बोळवण करू नका. ती चार वर्षांची असल्यापासून इथे आहे, तिला परदेशी विद्यार्थिनी म्हणणं हा कागदाचा विनोद आहे, आणि तो विनोद तिने केलेला नाही. काही सिनेटर्सनी परदेशी खेळाडूंना ही मुभा द्यावी म्हणून विधेयक आणलं होतं, ते पुढे सरकलं नाही. तिचे दोन्ही हात मात्र बांधलेले नाहीत. कॅम्पसच्या टेनिस सेंटरवर वीस तासांची नोकरी तिला आता मिळू शकते, एच-४वर तीही नव्हती. आणि उन्हाळ्यात तिच्या विषयातली इंटर्नशिप सीपीटीवर मिळाली, तर एका महिन्यात त्या चार रील्सपेक्षा जास्त सुटतील.

राहिले हॉटेलवाले. त्यांना तोंडावर नाही म्हणणं तुम्हाला जड जाईल हे मला ठाऊक आहे, गणपतीत पंचवीस किलो मोदकांची ऑर्डर त्यांच्याकडेच असते. त्यांना सांगा, मुलीला पैसे घेता येत नाहीत, पण तुम्हाला जाहिरातच हवी असेल तर कॉलेजच्या क्रीडा विभागाकडे थेट टेनिस टीमचे प्रायोजक व्हा. सामन्याच्या दिवशी कोर्टवर तुमच्या नावाचा फलक लागेल. क्रीडा विभागाच्या कम्प्लायन्स ऑफिसचा (नियम सांभाळणाऱ्या कचेरीचा) फोन नंबर त्यांच्या वेबसाइटवर असतो, तो त्यांच्या हातात द्या. पुढचं बोलणं त्यांचं त्यांना करू दे, तुमच्या लेकीचं नाव त्या फोनवर निघायलाही नको.