ऑटोमॅटिक गाडीतील 'एस' म्हणजे नेमके काय, आणि तो केव्हा वापरावा?

आपण विचारले आहे की, नुकत्याच घेतलेल्या सेकंड हँड बीएमडब्ल्यू डिझेल गाडीत गिअर लिव्हर 'डी'वरून (ड्राइव्ह, म्हणजे नेहमीची चाल) बाजूला ढकलला की समोर 'एस' (स्पोर्ट) दिसतो, इंजिनाचा आवाज चढतो, गाडी चपळ वाटते, पण अ‍ॅव्हरेज कमी देते; तेव्हा या 'एस'मुळे गाडीची ताकद खरोखर वाढते का, आणि गावाकडच्या रस्त्यांवर तो रोज लावून ठेवला तर गिअरबॉक्सला त्रास होईल का. ताकद वाढत नाही. गिअरबॉक्सलाही सहसा काही होत नाही. तरीही रोज लावून ठेवू नये असे माझे मत आहे, आणि त्याची कारणे थोडी सविस्तर सांगावी लागतील.

मी पुण्यातील एका वर्कशॉपमध्ये अकरा वर्षे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे काम केले आणि आता दारव्ह्याजवळ स्वतःचे गॅरेज चालवतो. इथे बहुतेक काम ट्रॅक्टर आणि मालवाहू गाड्यांचे असते, तरी अधूनमधून एखादी महागडी गाडी येते, आणि तिच्या मालकाला 'एस'विषयी हमखास कुतूहल असते.

आपल्या गाडीत आठ गिअरचा ऑटोमॅटिक असेल तर तो बहुधा झेडएफ या जर्मन कंपनीचा असणार. हा गिअरबॉक्स २००९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीजमध्ये आला आणि पुढे ऑडी, जग्वार, लँड रोव्हर यांनीही तो घेतला. त्याच्या पोटात ग्रहमालेसारख्या फिरणाऱ्या दातेरी चाकांचे चार संच असतात आणि त्यांना धरण्या-सोडण्यासाठी पाच क्लच व ब्रेक असतात. कोणत्याही गिअरमध्ये त्यांपैकी तीन धरलेले आणि दोनच सुटे राहतात. कोणता केव्हा धरायचा, हे एक छोटा संगणक ठरवतो. 'डी' आणि 'एस' यांत एकही दातेरी चाक बदलत नाही, बदलतो तो या संगणकाचा निर्णय.

'डी'मध्ये त्याला डिझेल वाचवायचे असते, म्हणून तो लवकरात लवकर वरचा गिअर टाकतो. या गिअरबॉक्सच्या प्रचलित रूपात सहाव्या गिअरचे प्रमाण (बॉक्समधून चाकांकडे जाणारा दांडा एकदा फिरताना इंजिन किती वेळा फिरते ते) १.०००, सातव्याचे ०.८३९ आणि आठव्याचे ०.६६७ आहे. आपल्यासारख्या डिझेल गाडीत ताशी १०० किलोमीटरला आठव्या गिअरवर आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा साधारण १५०० वर असतो, असे धरू. त्याच वेगाला सातव्यावर तो सुमारे १९०० आणि सहाव्यावर सुमारे २२५० दाखवील. 'एस' टाकल्यावर संगणक वरचा गिअर टाकण्याची घाई करत नाही, खालचा गिअर मात्र लवकर टाकतो, आणि बहुतेक गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटरच्या तेवढ्याच दाबाला इंजिन जास्त जोराने उत्तर देते. त्यामुळे पाय हलला नसतानाही काटा उडी मारतो, आणि मालकाला वाटते की गाडीत नवी ताकद आली.

इंजिनाची ओढ (टॉर्क) ३५० न्यूटन मीटर आहे असे समजा. १५०० आरपीएमवर त्या ओढीची शक्ती सुमारे ५५ किलोवॅट होते. तीच ओढ २२५० वर मिळाली तर सुमारे ८२ किलोवॅट होते. इंजिन तेच, कंपनीने सांगितलेली कमाल शक्तीही तीच. फक्त मागाल त्या क्षणी हाताशी असलेली शक्ती दीडपट. शिवाय टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, एक्झॉस्टच्या झोतावर फिरतो, आणि वरच्या आरपीएमला तो झोत आधीच जोरात असल्यामुळे टर्बोला दम धरायला वेळ लागत नाही. ज्यांनी शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिला आहे त्यांना हे चटकन कळेल: सुटण्याआधी धुरकरी जोडी ताणून उभी करतो, तेव्हा बैलांचे बळ वाढलेले नसते, पण ती जोडी आणि गोठ्यात रवंथ करत बसलेली जोडी यांच्या पहिल्या उडीत फरक पडतोच.

याचा खरा उपयोग आपल्याकडच्या दुपदरी रस्त्यावर कळतो. दारव्ह्याहून कारंजाकडे जाताना हंगामात पुढे कापसाचा ट्रॅक्टर असतो, ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी कापूस एवढा फुगलेला असतो की पुढचा रस्ता दिसत नाही, आणि समोरून एसटी केव्हा येईल याचा भरवसा नसतो. 'डी'मध्ये मागे मागे जाताना संगणक शक्य तेवढा वरचा गिअर धरून बसतो. अचानक जागा मिळून आपण पाय दाबला की त्याला दोन-तीन गिअर खाली उतरावे लागते, मग टर्बो भरतो, मग गाडी उसळते. हा गिअरबॉक्स खालचा गिअर झटकन टाकत असला तरी या सगळ्यात लागणारा वेळ उजव्या बाजूला गेल्यावर फार मोठा वाटतो. म्हणून मी ट्रॅक्टरच्या मागे असतानाच लिव्हर 'एस'वर नेतो, काटा वर चढून स्थिर झाल्याची खात्री करतो, रस्ता मोकळा दिसल्यावरच निघतो, आणि आपल्या बाजूला परतलो की पुन्हा 'डी'. सगळे मिळून अर्धा-एक मिनिट. ओव्हरटेक करायचा की नाही हा निर्णय मात्र तुमचाच राहतो. 'एस'ला समोरची एसटी दिसत नाही.

दुसरा उपयोग घाटात. सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना 'डी'मध्ये गाडी मोकळी पळू पाहते आणि सारा भार ब्रेकवर येतो. 'एस'मध्ये खालचा गिअर राहतो, इंजिन गाडीला मागे ओढते, आणि वळणाच्या ऐन मध्यावर गिअर बदलून गाडीचा तोल हलण्याचा प्रसंगही कमी येतो. उतार फार तीव्र असेल तर लिव्हर पुढे-मागे करून स्वतःच दुसरा किंवा तिसरा गिअर धरावा. एक लक्षात असू द्यावे: इंजिनाच्या ब्रेकवर गाडी मंदावते तेव्हा मागचे लाल दिवे लागत नाहीत, त्यामुळे अगदी चिकटून येणारा कोणी असेल तर ब्रेकवर हलकेच पाय ठेवून त्याला सूचना द्यावी.

आता जिथे वापरू नये ते. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. त्या वेगाला आठव्यावर इंजिन सुमारे १८०० आरपीएमवर निवांत चालते. 'एस'मध्ये सहाव्यावर राहिले तर २७०० वर ओरडत राहते आणि गाडी तसूभरही लवकर पोहोचत नाही. आपले अ‍ॅव्हरेज इथेच गेले असणार.

चिखलाबद्दल मी स्वानुभवाने सांगतो, आणि चूक माझीच होती. जुलैमध्ये एका शेतकऱ्याची अशीच मागच्या चाकांवर चालणारी गाडी पोहोचवायला त्याच्या शेतावर गेलो. डांबरी सोडून पांदण रस्त्याला लागलो तेव्हा लिव्हर 'एस'वरच राहिला होता. आपली काळी माती पाऊस प्यायली की कशी होते हे आपण जाणताच. बोटभर पाय दाबला आणि मागची दोन्ही चाके जागच्या जागी फिरू लागली. टायरच्या सगळ्या खाचा मातीने लिंपून गुळगुळीत झाल्या आणि दोन मिनिटांत गाडी पोटावर बसली. मालकाने एक शब्द न बोलता ट्रॅक्टर आणून ती ओढून काढली, तेव्हा त्याने चार शब्द सुनावले असते तर बरे, असे मला झाले. निसरड्यावर हवी असते हळुवार ओढ, म्हणजे 'डी', किंवा हाताने धरलेला दुसरा गिअर.

गिअर लिव्हरवरचा 'एस' आणि बऱ्याच महागड्या गाड्यांत कन्सोलवर असणारे 'स्पोर्ट' बटण, या दोहोंत गल्लत करू नये. बटणामुळे गिअरबरोबर स्टीअरिंग जड होते आणि त्या सोयीचे सस्पेन्शन असेल तर तेही कडक होते. आपल्या तालुक्याच्या खड्ड्यांवर कडक सस्पेन्शन आणि बारीक कडेचे टायर म्हणजे रिम वाकवण्याचीच तयारी. बटण 'कम्फर्ट'वर राहू द्यावे आणि गरजेपुरता लिव्हर वापरावा.

गिअरबॉक्सच्या आयुष्याविषयी म्हणाल तर 'एस'मध्येही संगणक इंजिनाला ठरलेल्या आरपीएमपलीकडे जाऊ देत नाही, म्हणून लिव्हरने बॉक्स मोडेल ही भीती नको. माझ्या टेबलावर उघडलेले बॉक्स बहुधा जुन्या, जळक्या तेलाने खराब झालेले असतात. गाडी विकणारे 'आयुष्यभराचे तेल' असे सांगतात, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा ते बदलायला सांगते. यात तेलाचे भांडे अनेकदा प्लास्टिकचे असते आणि फिल्टर त्यातच बसवलेला असतो, त्यामुळे भांड्यासकट बदलावे लागते. खर्च अंगावर येतो, पण बॉक्सच्या दुरुस्तीपुढे तो किरकोळ आहे. आपली गाडी सेकंड हँड आहे. आधीच्या मालकाकडे या तेलाची पावती मागा, आणि ती मिळाली नाही तर तेल कधी बदललेच नाही असे समजून कामाला लागा.