मुलीची वही आधी परत करा

प्रश्न : माझी मुलगी बीए राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला एमपीएससीचा क्लास लावलाय. परवा तिची वही चाळली तर पानोपानी मोरोक्को! आता अरबी शिकायचं म्हणते. वही मी काढून घेतली. तिकडे सरकारने धर्म बाजूला सारला, एवढंच ना? त्यात करिअर कसलं? तिला समजवा. – एक पालक, लातूर

उत्तर : तिला गुण किती, ही आवड कुठून आली, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. विशीतल्या मुलीची वही तिच्या नकळत वाचली आणि काढून घेतली, हे मात्र सहज लिहून गेलात. मला काळजी वाटते ती त्याची. उद्या ती परीक्षेला बसेलही, पण मनातलं काही तुमच्यापाशी बोलणार नाही. वही आजच परत करा, आणि चुकलं म्हणा.

आता तुमचा गैरसमज. मोरोक्कोत सरकारने धर्म बाजूला सारला नाही. आपल्या हाती घेतला. 2003 मध्ये कासाब्लांकात आत्मघाती स्फोट झाले. त्यानंतर राजे मोहम्मद सहावे यांनी धर्मखात्याची फेररचना केली. 2004 च्या कुटुंब कायद्याने, ‘मुदव्वना’ने, मुलींच्या लग्नाचं वय 18 केलं, सज्ञान स्त्रीला वलीशिवाय, म्हणजे पुरुष पालकाशिवाय, लग्न करता येऊ लागलं. राजांनी हे केलं ते ‘अमीर अल-मुमिनीन’, म्हणजे श्रद्धावंतांचे प्रमुख, या नात्याने. 2006 पासून सरकारने तयार केलेल्या ‘मुर्शिदा’, म्हणजे स्त्री धर्ममार्गदर्शक, मशिदीत, तुरुंगात जाऊन धर्माचं मार्गदर्शन करतात. नमाज मात्र पढवत नाहीत. आणि 18 च्या आतली लग्नं? न्यायाधीशाने सूट द्यावी, अशी वाट त्याच कायद्यात राहिली आणि सर्रास वापरली गेली. असं का झालं, हे शोधायचं तर न्यायालयांचे निकाल मूळ भाषेत वाचावे लागतात. त्यासाठी अरबी हवी. तुमच्या मुलीला हे कळलंय.

पश्चिम आशिया-उत्तर आफ्रिकेच्या अभ्यासासाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन दिल्लीचं जेएनयू आहे. अरबीसाठी दिल्लीचं जामिया विद्यापीठ किंवा हैदराबादचं भाषा विद्यापीठ इफ्लू. मोरोक्कोत रस्त्यावर दारिजा ही तिथली बोली अरबी बोलतात, कचेऱ्यांत फ्रेंचही चालते, तेव्हा एका भाषेवर भागणार नाही. नोकरी लगेच मिळेल असंही मी म्हणणार नाही. भाषांतर, संशोधन यांत जम बसायला वर्षं जातात.

तिला समजवायचं काम मी घेणार नाही. पुढचं पत्र तिने लिहावं, आणि ते आधी तुम्हाला दाखवायची अट घालू नका.