«कॉम्प्युटरवाली नाही मी, जमेल का?»

एआय किंवा डेटा सायन्समध्ये पदव्युत्तर शिक्षण घ्यावंसं वाटतं, पण ते इंजिनिअरांचं काम, आपलं नव्हे. गेल्या दोन-तीन वर्षांत ही धास्ती घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला बरेच जण आले. कुणी बी.कॉम., कुणी नर्स, कुणी पतसंस्थेतला कारकून. त्यातल्या एकीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, वय 31. औषधांच्या कारखान्यात क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी. पहिली पाळी संपवून दोन बस बदलून फोंड्याला माझ्याकडे आली होती. चौथीपर्यंत मराठी शाळा, पुढे इंग्रजी. बी.एस्सी. केमिस्ट्री, गणित बारावीनंतर सुटलेलं. घरी 5 वर्षांची मुलगी. हातात एका खासगी संस्थेचं पत्रक होतं: 11 महिन्यांचा ऑनलाइन कोर्स, 2 लाख 60 हजार रुपये, हप्त्यांची सोय. आम्ही बोलत असताना त्या संस्थेतून दोनदा फोन आला. आज रात्री बारापर्यंत पैसे भरले तर सूट, असं पलीकडचा माणूस सांगत होता. तिने फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "नवरा नको म्हणतो."

मला वाटलं, नेहमीचंच. लग्न झालेल्या बाईने आता कशाला शिकायचं, असं काहीतरी असणार. तरी म्हटलं, पुढच्या वेळी दोघं या.

तो आला आणि बराच वेळ गप्प बसला. मग त्याने सांगितलं ते वेगळंच होतं. घरचा ट्रक खनिज वाहतुकीला लागलेला. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या, हप्ते मात्र चालू राहिले. मध्ये पुन्हा सुरू झाल्या, तर 2018 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर परत थांबल्या. ट्रक विकला, कर्ज उरलं. "ती शिकू दे मॅडम. पण घरात परत हप्ता नको."

त्या वाक्याने सगळं समुपदेशनच बदललं. अडचण शिक्षणाची नव्हतीच, कर्जाच्या भीतीची होती, आणि ती भीती खरी होती. अशा घराला "हिंमत करा" म्हणणं मला क्रूरपणाचं वाटतं. त्या पत्रकाबद्दल माझं मत मी दोघांना स्पष्ट सांगितलं: जो कोर्स रात्री बारापर्यंतच स्वस्त असतो, तो घेऊ नका. शिवाय ते प्रमाणपत्र होतं, विद्यापीठाची पदवी नव्हे. एम.एस्सी. म्हणून ते कुणी धरणार नाही.

मग तिला विचारलं, लॅबमध्ये दिवसभर काय करतेस? ती सांगू लागली. एका बॅचमधल्या 20 गोळ्या एकेक करून वजन करायच्या, सरासरी काढायची. गोळी 250 मिलिग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर सरासरीपासून 5 टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. त्याबाहेर दोनपेक्षा जास्त गोळ्या जाता कामा नयेत. हे तिने न अडखळता सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "जून लागला की वजनं थोडी वर सरकतात. सगळे मशीनला दोष द्यायचे. मी एक्सेलमध्ये पाळीप्रमाणे वेगळं करून बघितलं, तर रात्रपाळीतच जास्त. खोलीतल्या दमटपणाची नोंद शेजारी लावली, तर दोन्ही बरोबर चढत होते." हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, आकडे वेगळे करून, शेजारी दुसरे आकडे लावून कारणाचा माग काढणं, हेच तर डेटा सायन्सचं निम्मं काम. ती हसली नाही, नवऱ्याकडे बघितलं.

तिच्या नणंदेने इंग्लंडमधल्या स्विंडनहून व्हॉइस मेसेज पाठवला होता: इथे दुसऱ्या विषयाची पदवी असली तरी एआयमध्ये एम.एस्सी. करता येतं, स्कॉलरशिपही देतात. हे खरं होतं. इंग्लंडमध्ये 2020 पासून सरकारी पैशातून असे कन्व्हर्जन कोर्स सुरू झाले आणि स्त्रिया, कृष्णवर्णीय व अपंग विद्यार्थ्यांना प्रत्येकी 10,000 पौंडांच्या शिष्यवृत्त्या ठेवल्या गेल्या. पण त्या प्रामुख्याने तिथल्याच विद्यार्थ्यांसाठी होत्या. इथून जाणाऱ्याला परदेशी फी भरावी लागते, ती कितीतरी जास्त. म्हणून ती वाट बाजूला ठेवली. कल्पना मात्र मला मनापासून पटते. आपल्याकडेही असं दार उघडं हवं, कारण रात्रपाळीत दमटपणा मोजायला हवा हे लॅबमध्ये उभं राहिलेल्या माणसालाच सुचतं.

इथल्या वाटा आम्ही पात्रतेच्या रकान्यापासून वाचायला घेतल्या. फीपेक्षा तो रकाना आधी बघावा, लोक नेमकं उलटं करतात. काही एम.एस्सी.ना पदवीला गणित किंवा संख्याशास्त्र लागतं, काहींना बारावीचं गणित पुरतं. एम.टेक.च्या प्रवेशासाठी जी गेट ही राष्ट्रीय परीक्षा असते, तिच्यात 2024 पासून डेटा सायन्स व एआयचा स्वतंत्र पेपर आहे आणि गेटला वयाची अट नाही. पण तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर एम.टेक.चा प्रवेश सहसा मिळत नाही, म्हणून तिच्यासाठी एम.एस्सी.च. गोवा विद्यापीठाच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची जीयू-आर्ट परीक्षा तिने वहीत लिहून घेतली. पैशांसाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जयोजना सांगितली, अटी आधी दोघांनी मिळून वाचायच्या या बोलीवर. "बिनव्याजी" ऐकूनही नवऱ्याचा चेहरा सैल झाला नाही. मी जोर केला नाही.

आधी स्वस्तात चाचपून बघू असं ठरलं. एनपीटीईएल या सरकारी मदतीवर चालणाऱ्या ऑनलाइन मंचावरचे आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट बघता येतात, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला थोडी फी. तिने पहिल्यांदा पायथन ही कोडिंगची भाषा धरली आणि चौथ्या आठवड्यात सोडली. चतुर्थी आली होती, पाळ्या बदलल्या, मुलगी तापाने आजारी. मला फोन करताना रडत होती. मी सांगितलं, कोडिंग राहू दे, आधी संभाव्यता आणि मॅट्रिक्स कर. बारावीचं पुस्तक काढ. मुलगी झोपल्यावर तासभर, त्यापेक्षा जास्त नको. रविवारी दुपारी मुलीला आजीकडे ठेवायचं कबूल झालं, ते नवऱ्यानेच मिटवलं.

नोव्हेंबरात तिने परत पायथन उघडलं. या वेळी लॅबसारखे आकडे स्वतःच रचून घेतले, खरे आकडे कंपनीबाहेर नेता येत नाहीत म्हणून. कोर्स पुरा झाला, परीक्षेत 61 मिळाले. प्रवेशपरीक्षा ती पुढच्या वर्षी देणार आहे.

परवा तिचा मेसेज आला. वहीच्या पानाचा फोटो, 20 गोळ्यांची वजनं, खाली वजनं सरासरीपासून किती पसरली ते काढणारा, लाल पेनाने गोल केलेला एक भागाकार. "मॅडम, गोळ्या 20 आहेत, मग 19 ने का भागतात?" मी तिला संख्याशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंचा नंबर पाठवला. रात्री दोघींचं पाऊण तास बोलणं झालं, असं त्या बाईंनीच कळवलं.